जतला द्या, खानापूरला मागा

क्लुजला राहायला आल्यापासून बेळगावच्या बातम्या मी वेगळ्या नजरेने वाचते. रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियाचं हे मोठं शहर. ओरादेयाच्या रस्त्याला लागलं की हुएदीनजवळ सिंक्रायू ही पाच गावांची कम्यून आहे, आपल्या गट ग्रामपंचायतीसारखी. वस्ती मिश्र, त्यात हंगेरियन जास्त, रोमानियन कमी. गावाच्या वेशीवर नाव दोन्ही भाषांत.

१९२०च्या त्रियानों तहाने हा मुलूख हंगेरीकडून रोमानियाकडे गेला. ते दुःख अजून शमलेलं नाही. मार्च १९९० मध्ये तर्गू मुरेशच्या हंगेरियन-रोमानियन दंगलीत माणसं मेली. तरीही २००१च्या स्थानिक प्रशासन कायद्याने साधी वाट काढली, आणि २०१९च्या प्रशासकीय संहितेने तीच पुढे चालवली. कम्यूनमध्ये अल्पसंख्याक समाज २० टक्क्यांहून जास्त असेल, तर त्याला आपल्या भाषेत अर्ज करता येतो आणि उत्तरही त्या भाषेत मिळतं. कम्यूनच्या कौन्सिलचे किमान एक पंचमांश सदस्य (आधी ही अट एक तृतीयांशाची होती) त्या समाजाचे असतील, तर सभाही त्या भाषेत घेता येते, फक्त रोमानियन भाषांतराची सोय करावी लागते. हे गाव खरं कुणाचं, हा प्रश्न या कायद्यात येतच नाही, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. खुद्द क्लुज शहरात हंगेरियन २० टक्क्यांच्या खाली आहेत. तिथे शहराच्या नावाची बहुभाषक पाटी लागायला २०१७ उजाडलं, तेही कोर्टकचेऱ्या करून.

आपण १९५६ पासून सीमाभाग मागतो आहोत. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जरूर लढावा, माझंही मन तिथेच आहे. पण निकाल लागेपर्यंत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मराठी शेतकऱ्याने न वाचता येणारा कन्नड उतारा हातात घेऊन किती पिढ्या थांबायचं? भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं केंद्राचं धोरण १९५६ पासूनच आहे. पण ते धोरणच राहिलं. त्याचा कायदा हवा, आणि तोही ग्रामपंचायतीपर्यंत पोचणारा.

तो आधी महाराष्ट्राने करावा. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलणारी गावं आहेत. तिथल्या माणसाला तहसील कचेरीत कन्नडमध्ये अर्ज देता यावा आणि कन्नडमध्येच उत्तर मिळावं. याने मराठीचं काहीही जात नाही. मग तोच कायदा पुढे ठेवून खानापूर-निपाणीसाठी कर्नाटकाकडे तेवढाच हक्क मागावा, आणि मिळेपर्यंत मागत राहावा.