एका महिन्याचे तीन हिशेब

काल संध्याकाळी सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा ई-मेल आला, की गेल्या महिन्यात आमचा डेटा-वापर ९१० जीबी झाला असून ठरलेली मर्यादा ओलांडल्याबद्दल जादा आकारणी होईल. माझ्या ॲक्सेस लॉगची, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदवहीची, बेरीज ७४० येते आणि सर्व्हर सांभाळण्याचे कंट्रोल पॅनेल ७७० दाखवते. या तीन आकड्यांपैकी एकालाही हे सांगता येत नाही, की ज्यांच्या वेबसाइट या सर्व्हरवर आहेत त्यांपैकी कोणत्या वापरकर्त्याच्या वाट्याला किती गेले.

मी तपशील मागितला, तर चार तासांनी एका ओळीचे उत्तर आले : "आमची मोजणी अंतिम आहे." सोबत एक आलेख होता आणि त्याच्या उभ्या अक्षावर एककच लिहिलेले नव्हते! ते मेगाबिट आहेत की मेगाबाइट, जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट की १,०७,३७,४१,८२४ बाइट, याचा कुठेही उल्लेख नाही. या एका फरकाने हिशेब सात टक्क्यांहून अधिक हलतो. माझे ७४० दुसऱ्या पद्धतीचे आहेत. पहिल्या पद्धतीने ते ७९५ होतात. मग उरलेल्या ११५ जीबीचा जाब कोण देणार? आत येणारी वाहतूक धरली आहे का, रात्रीचा बॅकअप धरला आहे का, असे मी स्पष्ट विचारले, तर तोच आलेख पुन्हा पाठवला. ज्यांचा धंदाच बाइट मोजून पैसे घेण्याचा आहे, त्यांनी एकक लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत, याचा मला मनस्वी संताप येतो. एकक नसलेल्या आलेखाला मी पुरावा मानत नाही.

आमच्या बाजूलाही सगळा आनंदच नाही. वेबसाइट पुरवणाऱ्या अपाचे या प्रोग्रामच्या नेहमीच्या लॉगमधला '%बी' हा रकाना फक्त उत्तराच्या मजकुराचा आकार सांगतो. त्यात हेडर, म्हणजे उत्तराच्या आधी जाणारी माहिती, नसतात, आणि एखाद्याने मोठी फाइल अर्ध्यावर सोडली तरी पूर्ण आकार नोंदला जाऊ शकतो. प्रत्यक्ष पाठवलेले बाइट हवे असतील तर '%ओ' लागतो, त्यासाठी मॉड-लॉगआयओ हा अपाचेचा जोडभाग सुरू असावा लागतो, आणि माझ्या आधी ज्यांनी हा सर्व्हर उभा केला त्यांनी तो सुरू केलाच नव्हता. तोही आकडा टीसीपीची, म्हणजे डेटा पॅकेटांत तोडून पोहोचवणाऱ्या थराची, हेडर आणि पुन्हा पाठवलेली पॅकेट मोजत नाहीच. शिवाय लॉगमधली ओळ विनंती पूर्ण झाल्यावरच लिहिली जाते. त्यामुळे महिनाअखेरीला रात्री अकराला सुरू झालेले आणि पहाटे संपलेले डाउनलोड मध्यरात्री बेरीज करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टला दिसलेच नाही.

त्यावर, कोणाचा वापर किती हे "आयपी पत्त्यावरून मोजा" असा सल्ला देणारे भेटले की माझे डोके फिरते. मोबाइल नेटवर्कवर एका पत्त्यामागे असंख्य माणसे असतात, आणि पुढे सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती वाचकांच्या जवळून पुरवणारे मधले जाळे, असेल तर लॉगच्या प्रत्येक ओळीत त्या सीडीएनचाच पत्ता येतो. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांनी यूजरनिहाय मोजावे म्हटले, तर सगळ्या साइट सर्व्हरवरच्या एकाच खात्याच्या (सिस्टिम यूजरच्या) नावाने चालतात, तेव्हा तोही मार्ग बंद. आणि "अनलिमिटेड" हा शब्द जाहिरातीत छापून खाली बारीक अक्षरांत "वाजवी वापर" लिहिणाऱ्यांना तर मी कधीच क्षमा करणार नाही.

आज सकाळी एका वापरकर्त्याने विचारले, "या जादा आकारणीत माझा वाटा किती?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. सगळ्यांत सारखी वाटणी करा, असे सहकारी सुचवतात. पण ज्याच्या साइटवर दिवसाला दोन पाने उघडली जातात, त्याच्या माथी दुसऱ्याचे व्हिडिओ मी मारणार नाही. आज मॉड-लॉगआयओ सुरू करून प्रत्येक ओळीत साइटचे नाव आणि '%ओ' घेतला आहे. पुढचा महिना त्यातून कळेल; गेल्या महिन्याचे बाइट मात्र कोणाच्याच नावावर लागणार नाहीत, आणि पैसे तेवढे भरावे लागतील.