चौकोनाची उडी

लहान लहान व्हिडिओ गेम करत गेम बनवायला शिकावे, हा सल्ला देणारे हमखास ‘पाँग’ या टेबल टेनिससारख्या जुन्या गेमचे उदाहरण देतात. १९७२ मध्ये अटारी या गेम कंपनीत नव्याने रुजू झालेल्या ॲलन अल्कॉर्न यांना कंपनीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी निव्वळ हात बसावा म्हणून एक काम दिले आणि त्यातून तो गेम उभा राहिला, ही हकिकत ते रंगवून सांगतात. अल्कॉर्न मुळात अभियंता होते, हा तपशील मात्र ओझरता येतो.

मीही पाँगच करायला घेतला. एक चेंडू, दोन फळ्या आणि वर-खाली दोन भिंती एवढाच संसार थाटायचा असल्याने मी निर्धास्त होतो. परंतु इंजिनातल्या, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या, जगाला स्वतःची अशी कसलीच सवय नसते. आकाश कोणत्या दिशेला आहे, यावरसुद्धा इंजिनांचे एकमत नाही: युनिटीत वाय-अक्षावरचा आकडा वाढला की वस्तू वर जाते, तर गोडोच्या द्विमितीय दृश्यात ती खाली येते. चेंडूची तर गोष्टच वेगळी. सेकंदाला ६० फ्रेम (म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे) आणि वेग सेकंदाला १८०० पिक्सेल असेल, तर तो प्रत्येक फ्रेमला ३० पिक्सेल पुढे सरकतो. चेंडू इवलासा आणि भिंत १० पिक्सेल जाडीची असली, की एका फ्रेमला तो अलीकडे असतो, पुढच्या फ्रेमला पलीकडे, आणि मधल्या काळात तो कुठे होता याची विचारपूस, वेगळी सूचना दिल्याखेरीज, कोणीही करत नाही. धडकेची नोंदच नसल्यामुळे भिंतीची तक्रार ग्राह्य धरली जात नाही. भिंत जाड करावी, हा यावरचा एक रूढ उपाय आहे. तो ऐकल्यावर या क्षेत्राविषयीचा माझा आदर थोडा कमी झाला आणि जवळीक बरीच वाढली.

पुढच्या गेममध्ये एका करड्या चौकोनाला नायक केले (प्रोटोटाइपला, म्हणजे कच्च्या नमुन्याला, चित्रकला लागत नाही, हे त्याचे थोर उपकार). नियम सरळ होता: पायाखाली जमीन असेल, तरच उडी. खेळायला भाच्याला बसवले. चौकोन दरीत कोसळला की “मामा, मी बटण दाबलं होतं,” असे तो दर वेळी शपथेवर सांगे. नोंद तपासली, तर बटण खरोखरच दाबलेले होते. फक्त काठ सुटल्यानंतर.

काठ सुटल्यावरही काही फ्रेम चौकोन जमिनीवरच आहे असे मानायचे, ही यावरची प्रचलित तोड असून कडा सुटल्यावरही क्षणभर हवेत थांबणाऱ्या कार्टूनमधल्या कोयोटीवरून तिला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. मी सहा फ्रेमची, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाची सवलत दिली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नियम काटेकोर पाळणारा गेम खेळणाऱ्याला लबाड वाटतो आणि त्याच्या बाजूने लबाडी करणारा न्यायी, हे मला कोणत्याही पाठात आधी सांगितले गेले नव्हते. भाचा अजूनही तितक्याच उशिरा उडी मारतो, पण आता पडत नाही. आणि “सरावाने सगळं जमतं, मामा,” असे मलाच समजावतो.