गोदीच्या स्फोटावरच्या त्या पोस्टरबद्दल

1944 च्या मुंबईतल्या गोदी स्फोटावर पिक्चर येतोय, कास्टिंग पण फायनल झालं असं म्हणत जे पोस्टर फिरतंय ना, ते आपल्या गिरगावातल्याच पोरांनी हौसेनं बनवलंय, हिरो सगळे त्यांच्या मनातले. फायरमनच्या रोलला जितेंद्र जोशी मलाही पटला, ते सोडा. पण खाली 'जपानने बॉम्ब टाकला' लिहिलंय ते साफ चूक आहे! 14 एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीवर आग लागली, आत कापसाच्या गाठी आणि जवळपास 1,400 टन स्फोटकं, विझवता विझवता दुपारी चारनंतर बोटच उडाली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. प्लीज, ती ओळ काढून मगच फॉरवर्ड करा.