ब्रेड-दुधाने कासवाच्या पिल्लाचं कवच घट्ट होत नाही

परवा ताईचा फोन आला. भाचीकडच्या कासवाच्या पिल्लाने तीन दिवस डोळे उघडले नव्हते. ताई म्हणाली, "पण काळजीचं काही नाही गं, मेसेजमध्ये लिहिलंय की पिल्लं अशी झोपतात." कुठला मेसेज ते विचारलं आणि मागवून घेतला. गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय तोच तो, सात नियमांचा. पिल्लं शाकाहारी असतात, त्यांना मांस-मासे देऊ नका. कवच मऊ वाटलं तर दुधात भिजवलेला ब्रेड द्या. सुकी कोळंबी हा पूर्ण आहार आहे. डोळे मिटले तर झोपू द्या. कमी खायला घाला आणि छोट्या भांड्यात ठेवा, म्हणजे ते लहानच राहील. खिडकीतून येणारं ऊन पुरेसं आहे. पाणी रोज बदला.

शेवटचा नियम बरोबर आहे. उरलेल्या सहांमुळे पिल्लं मरतात, म्हणून हे लिहायला बसले.

आधी शाकाहाराचं. मराठीत जमिनीवरचं असो की पाण्यातलं, दोघांनाही आपण कासवच म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जमिनीवरची बहुतेक कासवं पाला खाऊन जगतात, हे खरं. पण घराघरांत काचेच्या टाकीत जे हिरवं पिल्लू असतं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, ते रेड-इअर्ड स्लायडर, पाण्यातलं कासव. या जातीच्या कासवांच्या खाण्यावर क्लार्क आणि गिबन्स या दोन संशोधकांनी १९६९ साली 'कोपिया' या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांना आढळलं ते असं, की पिल्लं मुख्यतः मांसाहारी असतात आणि मोठी होताना हळूहळू वनस्पतींकडे वळतात. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने मोठं कासव पाला खाताना पाहिलं असेलही. ते त्याने पिल्लाला लावलं, ही चूक. वाढीच्या पहिल्या वर्षात प्रथिनं लागतात, आणि निसर्गात ती किडे, अळ्या, गोगलगायी, छोटे जलचर यांच्यातून मिळतात.

आता ब्रेड-दूध. माझा सगळ्यात जास्त राग या नियमावर आहे. कारण ज्याचं पिल्लू आजारी पडलंय तोच हा उपाय करतो, आणि खऱ्या उपचाराचे दिवस त्यात निघून जातात.

कवच हे नखासारखं वरून चिकटवलेलं टरफल नाही. ते हाड आहे. बरगड्या आणि पाठीचे मणके रुंद होऊन, एकमेकांना जुळून ते बनतं आणि त्यावर केराटिनच्या खवल्यांचा पातळ थर असतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं कवच दाबलं तर थोडं लवचीक लागतं, ते स्वाभाविक आहे. पण महिने उलटले तरी ते घट्ट होत नसेल, कडा वर वळत असतील, पिल्लू पाय ओढत चालत असेल, तर त्याची हाडं कच्ची राहताहेत. शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःच्याच हाडांतून ते काढून घेतंय.

दुधात कॅल्शियम असतं, मान्य. पण सरपटणारे प्राणी पिल्लांना दूध पाजत नाहीत. दुधातली साखर पचवायची सोयच त्यांच्या आतड्यात नसते. पोट बिघडतं, पाणी नासतं. ब्रेडमध्ये तर पिल्लाच्या उपयोगाचं जवळजवळ काहीच नाही. शिवाय भाचीने तो ब्रेड टाकीबाहेर बशीत ठेवला होता. स्लायडर पाण्याबाहेर नीट गिळू शकत नाही, पाण्याच्या साहाय्यानेच घास आत जातो. उपाशी पिल्लू बशीसमोर बसून राहिलं, आणि घरच्यांना वाटलं त्याला भूक नाही.

मुळात कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे हाडात गेलं असं नसतं. ते शोषायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे एक प्रकारचे अतिनील किरण (सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटरचे) लागतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. काचेमागचं ऊन पिल्लाला ऊब देईल, ड-३ देणार नाही. तेव्हा सहावा नियमही इथेच निकालात निघाला. यूव्हीबीचा दिवा लागतो, पाण्याबाहेर येऊन कोरडं बसायला जागा लागते आणि तिथे ३० ते ३२ अंश सेल्सिअसची ऊब लागते, कारण गारठलेल्या कासवाला अन्न पचत नाही. दिवा जळत दिसला तरी त्यातले हे किरण काही महिन्यांत उणावतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलायचा.

फॉस्फरसचाही हिशेब आहे. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं. नुसत्या मांसात प्रमाण नेमकं उलटं, फॉस्फरस कितीतरी पट जास्त. म्हणून "मांसाहारी आहे ना" म्हणत रोज चिकनचे तुकडे टाकणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक. गांडूळ, किडे, काट्यांसकट छोटा मासा हे चालतं. टाकीत समुद्रफेनाचा, म्हणजे कटलफिशच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा सोडला तर पिल्लू हवं तेव्हा कुरतडतं.

डोळ्यांचं लिहिताना हात थरथरतो, कारण आमच्या घरात तेच झालं. पिल्लू झोपलेलं नव्हतं. पापण्या सुजून मिटल्या होत्या. सुरुवातीचे काही महिने पिल्लू अंड्यातल्या बलकाबरोबर आलेल्या अ जीवनसत्त्वावर निभावतं. ते संपलं आणि समोर फक्त सुकी कोळंबी असली, की डोळ्यांच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं, आत घाण साचते, पापण्या फुगतात. मग त्याला अन्न दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी खालावतं. पुढे श्वसनाचा संसर्ग होतो. घाण पाण्यानेही डोळे सुजतात, म्हणून निदान घरी करू नका. मनाने अ जीवनसत्त्वाचे थेंब घालत बसू नका, ते जास्त झालं तर कातडी सोलवटते. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.

सुक्या कोळंबीबद्दल आणखी बोलायची गरज नाही. ती खाऊ आहे, जेवण नव्हे.

"कमी खायला घाला, लहान राहील." उपासमारीने वाढ खुंटते हे खरं आहे, कुठल्याही बाळाची खुंटते. स्लायडर अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम ३ सेंटिमीटरचं असतं. मादी २५ ते ३० सेंटिमीटर होते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं, कधी त्याहून जास्त जगते. एवढी जागा, एवढी वर्षं द्यायची तयारी नसेल तर पिल्लू घरी आणू नये. त्याला उपाशी ठेवून भांड्याच्या मापाचं करणं ही क्रूरता आहे. नाइलाजाने एक कबूल करते: अति खाऊ घालणंही वाईटच. पाय आत घेतल्यावर कवचाच्या कडेने चरबीच्या वळ्या बाहेर आल्या तर समजावं की खाणं जास्त होतंय.

मग द्यायचं काय? पाण्यातल्या कासवांसाठी मिळणारे चांगले पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या), पिल्लाला दिवसातून एकदा, साधारण त्याच्या डोक्याएवढ्या मापाचे. अधूनमधून गांडूळ किंवा किडे. सोबत टाकीत डकवीडसारखी पाण्यावर तरंगणारी वनस्पती, रोमेन लेट्यूसची पानं, किसलेलं गाजर. सुरुवातीला ते हिरव्याकडे बघणारही नाही, तरी ठेवत राहा. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे निव्वळ पाणी. पंधरा मिनिटांत न खाल्लेलं काढून टाका. अंड्यातून नुकतंच आलेलं पिल्लू पहिले काही दिवस खात नाही, पोटाशी बलक असतो तोवर घाबरू नका.

आणि तो बरोबर असलेला नियम. पाणी जरूर बदला, पण स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोटाचा आजार करणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत १९७५ साली ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने, लहान मुलं आजारी पडत होती म्हणून. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

पशुवैद्यांनी भाचीच्या पिल्लाला तपासलं. अ जीवनसत्त्वाचीच कमतरता निघाली. काल त्याने एक डोळा अर्धा उघडला आणि गांडुळाचा तुकडा घेतला, दुसरा अजून मिटलेला आहे. भाचीने तो मेसेज चार मैत्रिणींना पाठवला होता, आज त्या चौघींना हे पाठवते आहे. त्यांतल्या एकीकडे दोन पिल्लं आहेत, दोन्ही ब्रेड-दुधावर.