'मी' कुठे जात नाही

ध्यानावरच्या एका लेखात वाचलं, की ध्यानाने 'मी', म्हणजे आपली स्वतःची जाणीव, विरघळून जाते. हे विधान जरा जास्तच झालं. टोरांटोच्या संशोधकांनी २००७ मध्ये ८ आठवड्यांचा माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे सजग लक्ष देण्याचं ध्यान) अभ्यासक्रम केलेल्यांचा मेंदू स्कॅनरमध्ये पाहिला. स्वतःबद्दल गोष्टी रचणारे भाग शांत होते, पण आत्ता शरीराला काय जाणवतंय हे टिपणारे भाग उलट जास्त जागे. म्हणजे सैल पडते ती 'मी असाच आहे' ही कहाणी. आमच्या इंदुरात मात्र ध्यानवर्गातून आलेले काका "मी किती शांत झालोय" हे पोह्यांच्या ठेल्यावर अर्धा तास ऐकवतात! आणि त्या लेखात सांगायची राहिलेली गोष्ट: जुना मानसिक आघात असेल तर डोळे मिटून बसल्यावर त्रास वाढूही शकतो. अशांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारावं, थेट १० दिवसांच्या मौन शिबिराला नाव देऊ नये.