मुनिमाच्या पाठीवर गठाण

जुन्या गाडीचा हेडलाइट आमच्या यवतमाळकडे दोनच कामांचा. एक, पोलिसांना दाखवायला. दुसरं, समोरच्याला आपण येऊन राहिलो हे कळवायला. त्यानं रस्ताही दिसावा, असा हट्ट कोणी धरत नाही. पांढरकवड्याहून घाटंजीकडे रात्री निघालं की रोही (नीलगाय) मधोमध उभा, डुकरं आडवी, आणि कापसाची ट्रॉली मागे लाल दिवा न लावता घरच्या आवारात फिरल्यासारखी चाललेली. हे सगळं दिसतं ते ब्रेक दाबून झाल्यावर.

दुकानात गेलं की सल्ला ठरलेला. "भाऊ, शंभर-नव्वद वॅटचा बल्ब टाका ना!" म्हणजे वैरण पुरत नाही म्हणून बैल दुबळा, तर त्याच्या जागी दुप्पट खाणारा बैल बांधायचा. दोन अप्पर (लांबचा झोत; जवळचा तो डिप्पर) मिळून १६ अँपियरच्या वर ओढणार, आतली वायर तापणार, रिफ्लेक्टर भाजणार, आणि समोरून येणारा आपल्या पूर्वजांची आठवण काढणार. खरा इलाज बल्बात नाही, वायरिंगमध्ये रिले बसवण्यात आहे. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन्ही अप्पर लागले की १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपियर. जुन्या वायरिंगमध्ये हे १० अँपियर बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत जातात, तिथून डिप्परच्या दांडीत शिरतात आणि पुन्हा सगळी वाट मागे तुडवत लाइटपाशी येतात. वाटेतला प्रत्येक जोड आपली अडत कापून घेतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बाशी ११.५. आणि उजेड व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, साधारण ३.४ व्या घातानं घटतो. एवढ्याशा अडतीत उजेड जवळजवळ निम्मा झालेला असतो.

हे मोजायचं तर बल्ब पेटलेला ठेवून. इंजिन सुरू, अप्पर चालू, मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी बल्बाच्या अप्परच्या टर्मिनलला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत मेले. मेकॅनिक मात्र होल्डर काढून मोजतो. होल्डर काढला की करंट थांबला, करंट थांबला की घट संपली, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतं आणि तो विजयी मुद्रेनं म्हणतो, "वायरिंग ओके आहे. लाइट लागते ना? मंग कायले हात लावता?"

हात अशासाठी, की स्विच हा जिनिंगवरचा मुनीम आहे. त्यानं चिठ्ठी फाडायची. १७० किलोची गठाण त्याच्या पाठीवर द्यायची नसते. रिले हा हमाल. त्याच्या कॉइलला ०.२ अँपियरही भरपूर झाले, ओझं तो उचलतो.

सामान थोडं आहे. १२ व्होल्ट, ३० अँपियरचे दोन रिले, एक अप्परचा, एक डिप्परचा. १५ अँपियरचे दोन फ्यूज, वेगवेगळे, म्हणजे एक उडाला तर दुसऱ्यावर घरी पोचता येतं. चिनी मातीचे दोन होल्डर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची ऑटो वायर. ही वायर दोन मीटर धरली तर १० अँपियरला जेमतेम ०.१४ व्होल्ट खाते. खांबावरून घरात येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरचा उरलेला तुकडा घरोघरी जपून ठेवलेला असतो, मला माहीत आहे. तो जपूनच ठेवा.

आधी बॅटरीचा मायनस काढा. प्रत्येक रिलेच्या पिन ३० ला त्याच्या फ्यूजमधून बॅटरीचा प्लस. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच, कारण त्याच्या अलीकडे वायर घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही. पिन ८७ वरून दोन्ही लाइटला नवी वायर. एका बाजूच्या जुन्या होल्डरच्या अप्पर आणि डिप्परच्या तारा आपापल्या रिलेच्या ८६ ला द्या, ८५ बॉडीला. दुसऱ्या बाजूचा जुना होल्डर टेप गुंडाळून निवृत्त करा. रिलेत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असेल तर ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही, थेट शॉर्ट होतो. पाच पिनांच्या रिलेत मधली ८७ए असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. स्विच बंद असताना लाइट चालू आणि चालू केला की बंद, असा गावभर चर्चेचा चमत्कार तिथूनच होतो.

इथपर्यंत सगळे नीट करतात आणि अर्थिंगला जुनीच गंजकी तार ठेवतात. गेलेला करंट परतही यायचा असतो हो! तिथेही २.५ चीच वायर, बॉडीचा रंग खरवडून, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून, बोल्टनं आवळून. तारा पिळून काळी टेप लावणं आमची राष्ट्रीय कला असली तरी मे महिन्यात टेपचा डिंक सुटतो आणि जोड उघडा पडतो.

रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही. वायर नळीतून न्या, उंदरांसाठी. बोनेटमध्ये तंबाखू ठेवण्याचा उपाय लोक सांगतात, पण इथले उंदीर खर्ऱ्याच्या गावात वाढलेले आहेत.

शेवटी लाइट सेट करा, कारण आता उजेड खरोखर पडणार आहे. सपाट जागी, नेहमीचं ओझं गाडीत ठेवून, ती भिंतीपासून २५ फुटांवर, भिंतीकडे तोंड करून उभी करा. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर मांडा. डिप्परची वरची कड त्याखाली दोन-अडीच इंच हवी. एवढी लांब कोरी भिंत बहुधा शाळेचीच सापडते. रेघ खडूनं मारा, कोळशानं नको.