चिमणीत चिमणी

आमच्या शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या माझा एक फोटो फिरतोय. कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी, भुवया दिसेनाशा झालेल्या, डोळे तेवढे पांढरे. खाली ओळ : 'बेकरी लवकरच सुरू.' त्यावर हसरे चेहरे टाकणाऱ्यांत माझी सख्खी बहीण आहे.

बेकरी नाही हो. बेळगावच्या कॅम्पात आमचा जुना जोडबंगला आहे, त्यात साहेबाच्या काळची फायरप्लेस. तिच्यात लाकडावर चालणारी बंद शेगडी बसवायची होती. इन्सर्ट म्हणतात तिला. ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची. उद्यमबागेत फौंड्री असलेल्या मावसभावानं 'घरच्या भावात' दिली. घरचा भाव म्हणजे काय ते ज्यांना मावसभाऊ आहेत त्यांना सांगायला नको.

उघड्या फायरप्लेसमध्ये जाळ झकास दिसतो, पण ऊब बहुतेक धुराड्यातून निघून जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. नडग्या भाजतात, पाठ गारच. म्हणून हा खटाटोप.

मिस्त्रीनं समोरून माप घेतलं आणि 'बसतंय' म्हणून पेन्सिल कानामागं खोचली. या जुन्या फायरप्लेसच्या भिंती आत निमुळत्या होत जातात, म्हणजे उष्णता खोलीकडं परतते. मागचं माप समोरच्याहून वीतभर कमी, आणि शेगडी बसायची ती मागच्या मापात. हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू भिंती मीच रात्रीत तिरप्या केल्या. वर गळ्याशी गंजलेली लोखंडी झडप होती, ती कापून काढली. झडपेच्या मागं एक कट्टा असतो. तिथं कित्येक वर्षांची काजळी, पारव्यांची घरटी, विटांचे तुकडे आणि कुणीतरी कोंबलेलं गोणपाट निघालं. मिस्त्री म्हणाला, "मालक, वर भेग आहे, बघा की." मी डोकं आत घातलं. वरून पोऱ्यानं ब्रश सोडला.

आणि दारात काका मोबाईल घेऊन उभे होते.

काका म्हणजे जोडबंगल्याच्या दुसऱ्या अर्ध्याचे मालक. बँकेतून रिटायर झाले. हयात लोकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवण्यात गेली. आमच्याकडं काम निघालं की हे स्वतःची खुर्ची घेऊन येतात. खुर्ची स्वतःची, चहा आमचा.

"काय करूलालास रे?"

"चिमणीत पाईप घालायचाय, काका."

"चिमणी नाही काय?"

"आहे की."

"मग पाईप कशाला? चिमणीत चिमणी? विहिरीत हौद बांधतं काय कोण?"

मी तोंड पुसत समजावलं. जुनं धुराडं उघड्या जाळासाठी बांधलेलं, ऐसपैस. बंद शेगडीचा धूर कमी आणि सावकाश. एवढ्या मोठ्या पोकळीत तो गार पडतो, वर ओढला जात नाही, भिंतींवर क्रिओसोटचा चिकट काळा थर धरतो, आणि एखाद्या रात्री तो थरच पेटतो. म्हणून शेगडीच्या तोंडापासून शेंड्यापर्यंत 6 इंची स्टेनलेस स्टीलचा पाईप, खाली गळ्याशी पत्र्यानं फट बंद, वर टोपी, आणि पाईपभोवती सिरॅमिकचं ब्लँकेट.

काकांनी बाकी सगळं सोडलं आणि ब्लँकेट धरलं.

"पाईपला ब्लँकेट?"

"हो. धूर गरम राहायला पाहिजे."

"थंडी कुणाला वाजते? तुला की पाईपला?"

"मला."

"मग ते ब्लँकेट तूच पांघर की! काम खलास."

मिस्त्री हसला. पोऱ्या छपरावरून हसला. माझा पगारी माणूस माझ्याच छपरावर बसून मला हसतो, हे बरं नव्हे. काका मात्र रंगात आलेले. "खर्च किती? थंडीचे दिवस किती? भाग दे. रात्रीला किती पडलं? एवढ्यात हॉटेलात खोली मिळेल, गरम पाण्यासकट. मी बँकेत असतो तर हा अर्ज टेबलावरसुद्धा ठेवून घेतला नसता."

काकांच्या बाथरूमच्या फरश्या दोनदा उखडल्या, महिनाभर ठोकाठोक चालली, तेव्हा मी अवाक्षर काढलं नाही. उलट त्यांना आमचं बाथरूम वापरायला दिलं. खुर्ची नेली नाही कधी. पण सभ्यपणाची नोंद कुठल्याच पासबुकात होत नाही.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे बेळगाव फौंड्र्यांचं गाव. भट्टीच्या विटा आणि त्या सांधायला फायरक्ले, म्हणजे जाळ सोसणारी माती, मागितलं तर उद्यमबागेतला दुकानदार फक्त 'किती?' विचारतो. भांडण झालं ते मिस्त्रीशी. त्याला विटा साध्या सिमेंटात लावायच्या होत्या. सिमेंट जाळापाशी तडकतं म्हटलं तर म्हणाला, "मालक, या सिमेंटवर धरणं उभी आहेत." धरणात कुणी लाकडं पेटवत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही. फायरक्ले त्यानं लावलं, पण मन मारून.

वरची सागवानी फळी शेगडीपासून किती दूर हवी ते शेगडीच्या कागदातच छापलंय. तेवढी जागा नव्हती. फळी निघाली, फळीवरचे आजोबा फ्रेमसकट जेवणघरात गेले. सतरंजीही मागं सरकली, कारण पुढं 18 इंच फरशी मोकळी हवी. घरात तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

पाईप उतरवला त्या दिवशी काका सकाळपासून हजर. छपरावर मिस्त्री आणि पोऱ्या, खाली मी दोर धरून. मिस्त्री माझ्याशी मराठीत, पोऱ्याशी कानडीत. "हिडी! हिडी! बिडब्याड!" असा ओरडा झाला की पोऱ्याबरोबर मीही घट्ट धरायचो. काका उठले. वाटलं, हात लावतील. त्यांनी खुर्ची उन्हातून सावलीत घेतली.

पहिल्या दिवशी जाळ बारीकच ठेवला, विटांचा सांधा ओला असतो म्हणून. धूर सरळ वर गेला. काचेआड लाकूड संथ जळत होतं, खोली पाठीकडूनसुद्धा ऊबदार. काका बराच वेळ गप्प बसले. कपातला चहा संपला तरी उठेनात. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "त्या मिस्त्रीचा नंबर पाठव. आमच्या बाजूलाही तसलीच फायरप्लेस आहे."

मी नंबर पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं :

'पाईप नको. ब्लँकेट कितीला पडलं तेवढं कळव. डबलबेडचं.'